म्हटलेलं, लिहिलेलं

रतफाले यासफा.

रोमानी भाषेतल्या एका दीर्घ कवितेचं हे नाव, पोलिश अक्षरांत लिहिलेलं. पहिल्यांदा त्यावरून नजर नुसती घसरून गेली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्या वेळी मी ते मोठ्याने वाचलं आणि थबकले. रत म्हणजे रक्त, आमच्या आजीच्या तोंडी रगत. पुढचं 'फाले' म्हणजे आपलंच 'वाले'. त्या बोलीत कठोर व्यंजनाला चिकटलेल्या 'व'चा 'फ' होतो. आणि 'यासफा' म्हणजे आसवं. रगतवाली आसवं. कवितेला खाली एक साधं उपशीर्षक आहे: ४३ आणि ४४ साली वोल्हिनियात जर्मनांच्या काळात आम्ही काय सोसलं. कवितेच्या नावात साल आणि ठिकाण घालणारी बाई मला तिथेच आवडली. जबानी द्यायला बसल्यासारखी.

तिचं नाव ब्रोनिस्वावा वाइस. पण तिला सगळे पापुशा म्हणत, म्हणजे बाहुली. जन्म १९०८चा किंवा १९१०चा. तांड्यातल्या पोरीच्या जन्माची नोंद ठेवायला तलाठी थोडाच येतो? मृत्यूची नोंद मात्र पक्की आहे: ८ फेब्रुवारी १९८७, पोलंडमधलं इनोव्रोत्स्वाव. पोलिश रोमांच्या भटक्या कुळात ती वाढली, गायली, लिहिती झाली, आणि लिहिलं म्हणून स्वतःच्याच माणसांनी तिला वाळीत टाकलं. रोमा म्हणजे ज्यांना आपण वर्षानुवर्षं जिप्सी म्हणत आलो ते लोक. युरोपला ते इजिप्तहून आले असं वाटलं, म्हणून हे नाव पडलं. चुकीचा पत्ता त्यांच्या कपाळी कायमचा चिकटला.

खरा पत्ता त्यांच्या भाषेत आहे. हजारेक वर्षांपूर्वी हिंदुस्थानातून निघालेली ही माणसं पाण्याला पानी म्हणतात, नाकाला नाक, माणसाला मानुश. भुईला फुव. पोराला छावो, आणि आपण वाघाच्या पिल्लाला छावा म्हणतो. त्यांचा 'खाम' म्हणजे सूर्य. तो संस्कृत 'घर्म'पासून आला, आपला घामही त्यातूनच आला. तिकडे ऊन देणारा, इकडे उन्हाने येणारा. आकडे ऐकावेत तर त्यात सगळा प्रवास आहे: एक, दुई, त्रिन, श्तार, पांज, शोव, इथपर्यंत ओळखीचं, आणि सात-आठ-नऊ एकदम ग्रीक, एफ्ता, ओख्तो, एन्या. दहाला पुन्हा देश. सहापर्यंत मोजत निघाले आणि सातावर ग्रीकांचा मुलूख लागला, असं काहीतरी. रस्त्यासाठी त्यांचा शब्द 'द्रोम', तोही ग्रीक. एवढ्या चालणाऱ्या लोकांनी रस्त्याचा शब्दच वाटेत उचलला, ही मला त्यातली सगळ्यात गोड गोष्ट वाटते.

हे वाचून मला भरून आलं, हे कबूल करते. आणि लगेच जरा लाजही वाटली. 'रोमा हे मुळात आपलेच' असे फॉरवर्ड व्हॉट्सअॅपवर अधूनमधून फिरतात. कधी त्यांना राजपूत योद्धे करतात, कधी आणखी काही. 'रोम' हा शब्द बहुतेक भाषाशास्त्रज्ञ 'डोम'शी जोडतात, आणि आपल्याकडचा डोंबारी त्याच घरातला. दोरीवर चालणाऱ्या पोरीकडे आपण गाडीची काच वर करून बघतो, आणि हजार वर्षांपूर्वी गेलेल्या तिच्या लांबच्या बहिणीला मात्र 'आपली' म्हणून मिठी मारायला धावतो. अंतर जास्त असलं की माया करणं सोपं जातं. म्हणून पापुशाला मी आपली म्हणणार नाही. ती पोलंडची, वोल्हिनियाच्या जंगलातली, आणि पुढे कुठलीच नाही.

तिच्या कुळातले पुरुष हार्प वाजवत. हातात मावणारी छोटी नव्हे, माणसापेक्षा उंच. तांडा निघाला की या हार्प गाड्यांवर उभ्या बांधत आणि लांबून त्या शिडांसारख्या दिसत, असं वर्णन मी वाचलं तेव्हापासून माझ्या डोळ्यासमोर एकच चित्र आहे: पाचोळ्यातून चाललेली जहाजं.

या तांड्यात वाचायला शिकणं म्हणजे अवलक्षण होतं. अक्षरं ही गाजोंची, म्हणजे रोमा नसलेल्यांची गोष्ट. शाळा, पोलीस, कोर्ट, जप्ती, सगळं कागदावरच चालतं, आणि कागद नेहमी त्यांच्या विरोधात. पापुशाला तरीही ते हवं होतं. गावाजवळ तळ पडला की शाळेतून घरी जाणाऱ्या पोरांना ती गाठायची, दोन अक्षरं दाखवा म्हणायची, बदल्यात काहीबाही द्यायची. पुढे एका ज्यू दुकानदारणीशी तिचा सौदा ठरला. ती शिकवणार, पापुशा कोंबड्या आणणार. कोंबड्या अर्थात चोरलेल्या. एका कोंबडीला किती अक्षरं हा हिशोब कुठे लिहिलेला नाही, पण मी तो मनात करून बघितला आहे. पोलिश वर्णमालेत बत्तीस अक्षरं. त्यात शेपटीवाली, टिंबवाली, आडव्या रेघेची. ज्या पोरीला रात्री कोंबड्यांच्या खुराड्यात आवाज न करता हात घालता येतो तिला 'झ'ची तीन रूपं वेगळी ओळखणं काय अवघड?

घरात कळल्यावर मार बसला, पुस्तकं गेली, असं सांगतात. पंधराव्या वर्षाच्या आसपास तिचं लग्न लावून दिलं, दियोनिझी वाइस या वयाने बऱ्याच मोठ्या हार्पवादकाशी, तोही नात्यातलाच. पोटचं मूल झालं नाही. पुढे एक पोरका मुलगा तिने वाढवला आणि त्याचं लाडाचं नाव टारझन पडलं.

ती गायची. तालावर, मैफिलीत, त्या त्या वेळी सुचेल ते जोडत. आपल्याकडे जनी अभंगाच्या शेवटी 'म्हणे जनी' असं नाव गुंफते, तसं पापुशाही गाण्यात स्वतःचं नाव आणते. तिच्या एका रचनेचं शीर्षकच 'पापुशाच्या डोक्यातून रचलेलं जिप्सी गाणं' असं आहे. डोक्याला रोमानीत शेरो म्हणतात. शिर. हा शब्द लक्षात ठेवा, तो पुढे परत येणार आहे आणि तेव्हा तो इतका गोड नसेल.

मग युद्ध आलं. वोल्हिनिया आज युक्रेनमध्ये आहे. तेव्हा तिथे एका बाजूने जर्मन आणि दुसऱ्या बाजूने युक्रेनी राष्ट्रवादी टोळ्या गावंच्या गावं मारत होत्या. तांडा रस्ते सोडून जंगलात शिरला. गाड्या, घोडे, वाद्यं, सगळं मागे पडत गेलं. धूर दिसेल म्हणून शेकोटी नाही, रडणं ऐकू जाईल म्हणून पोराच्या तोंडावर हात. त्याच जंगलात ज्यूही लपलेले. त्या कवितेत भुकेने आणि थंडीने काकडलेली एक ज्यू मुलगी येते, आणि एक चांदणी येते. पापुशा त्या चांदणीला विनवते की जर्मनांचे डोळे दिपवून टाक, त्यांना वाट चुकव, म्हणजे ज्यू पोर आणि रोमा पोर जगेल. दोन्ही पोरं एकाच वाक्यात. जिने तिला कोंबड्यांच्या बदल्यात अक्षरं दिली त्या दुकानदारणीचं पुढे काय झालं असेल, हे वेगळं सांगायला नको. पूर्व पोलंडमधल्या तिच्यासारख्या बहुतेकांचं जे झालं तेच.

युद्ध संपल्यावर सरहद्दच सरकली. वोल्हिनिया सोव्हिएत युनियनकडे गेलं. पोलंड नकाशावर पश्चिमेकडे ढकलला गेला आणि त्याच्याबरोबर हा तांडाही.

१९४९ साली या तांड्यात एक पंचवीस वर्षांचा गाजो येऊन राहिला. येझी फित्सोव्स्की. कवी, वॉर्साच्या उठावात लढलेला, आणि आता नव्या कम्युनिस्ट राजवटीचे गुप्त पोलीस त्याच्या मागावर. लपायला गाड्यांच्या तळापेक्षा चांगली जागा कुठली? तो त्यांच्यात राहिला, त्यांची भाषा शिकला, आणि एका बाईला गाताना त्याने ऐकलं. हे लिहून काढ, तो म्हणाला. तिने लिहिलं. पोलिश अक्षरांत रोमानी, ओळी न पाडता, विरामचिन्हांविना, जसं तोंडून येईल तसं. तो निघून गेल्यावर पत्रांतून पाठवलं. पत्रांत ती त्याला भाऊ म्हणायची. त्याने ओळी पाडल्या, शीर्षकं दिली, पोलिशमध्ये अनुवाद केले आणि युलियान तुविमला दाखवले.

तुविम म्हणजे पोलंडमधला त्या काळचा मोठा कवी. त्याची आगगाडीची बालकविता आजही तिथल्या पोरांना पाठ असते. तो जन्माने ज्यू, युद्धात परदेशी परागंदा होता, आणि मागे राहिलेल्या त्याच्या आईला जर्मनांनी मारलं होतं. त्याला पापुशा का भिडली असेल हे समजायला समीक्षक लागत नाही. त्याच्या पुढाकाराने १९५०मध्ये 'प्रॉब्लेमी' नावाच्या मासिकात तिच्या कविता छापून आल्या. सोबत रोमांबद्दल त्याची आणि फित्सोव्स्कीची बातचीतही.

इथे मला बहिणाबाई आठवल्याशिवाय राहत नाहीत. आसोद्याची, अक्षरओळख नसलेली बाई. शेतात, जात्यावर म्हटलेली तिची गाणी सोपानदेवांनी आणि त्यांच्या मावसभावाने कागदावर टिपून ठेवली. ती वही आचार्य अत्र्यांनी पाहिली आणि हे महाराष्ट्रापासून लपवून ठेवणं गुन्हा आहे असं म्हणाले, ही गोष्ट आपल्याला शाळेपासून माहीत आहे. १९५२ साली पुस्तक आलं. सगळं जवळपास तसंच: न शिकलेली गाणारी, शिकलेला टिपणारा, मोठा कवी-संपादक, छापखाना. फक्त बहिणाबाई १९५१च्या डिसेंबरमध्ये वारल्या होत्या. तुझी गाणी गावभर झाली म्हणून त्यांना कुणी विचारायला आलं नाही. आलं असतं तरी खानदेशातल्या शेतकऱ्याच्या घरात त्याचा अभिमानच वाटला असता. पापुशा जिवंत होती आणि तिच्याकडे लपवणं हा गुन्हा नव्हता, दाखवणं हा होता.

तिच्या माणसांना काय झोंबलं, हे समजून घ्यायला मला वेळ लागला. आधी मी सरळ तिच्या बाजूची होते. जातपंचायत, बाईने लिहिलं म्हणून शिक्षा, संपला विषय. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला तो २०१६चा, अमलात आला २०१७मध्ये. इतक्या उशिरा, आणि तोही देशात पहिला. वाळीत टाकणं काय असतं हे आपल्याला परकं नाही. पंचांच्या बाजूने एक शब्दही ऐकायची माझी तयारी नव्हती.

पण १९५३मध्ये फित्सोव्स्कीने पोलंडच्या रोमांवर पुस्तक काढलं. त्यात त्यांच्या चालीरीती होत्या, शिवाशिवीचे नियम होते, आणि रोमानी शब्दांची यादी होती. ती यादी मला अडली. शब्दांच्या यादीला कोण घाबरतं?

मग मी एफा युस्टिनबद्दल वाचलं. बर्लिनमध्ये १९३६पासून रॉबर्ट रिटर या डॉक्टरच्या हाताखाली 'वंशशुद्धी'चं एक संशोधन केंद्र चालत होतं. युस्टिन तिथली. केस लालसर, म्हणून जर्मनीतले सिंती, म्हणजे तिथले रोमा, तिला 'लोली चाय' म्हणत, लाल पोरगी. ती रोमानी बोलायची. वह्या घेऊन वस्त्यांमध्ये जायची, आजीबाईंशी गप्पा मारायची, कोण कुणाचा मामा, कोण कुणाची आत्या विचारायची, डोळ्यांचा रंग लिहून घ्यायची. त्या केंद्राने सुमारे २४,००० माणसांचे अहवाल तयार केले. त्या कागदांवरून कुणाला धरायचं ते ठरत गेलं. आउशविट्झमध्ये रोमांसाठी वेगळी छावणी होती. तिथे सुमारे २३,००० माणसं गेली. २ ऑगस्ट १९४४च्या रात्री ती छावणी रिकामी केली, म्हणजे उरलेल्या चार हजारांहून अधिक म्हाताऱ्यांना, बायांना आणि पोरांना गॅसमध्ये घातलं.

वोल्हिनियाच्या जंगलातून वाचलेल्यांनी एफाचं नाव ऐकलं असेल-नसेल. पण आपली भाषा बोलणारा, आपल्यात जेवणारा, वहीत लिहून घेणारा गाजो ही काय चीज असते, हे त्यांना सांगायला लागत नव्हतं. शब्द त्यांची शेवटची ओसरी होती. पोलिसासमोर, शेतकऱ्यासमोर, आपसात दोन शब्द बोलून पोरांना पळवता येत होतं. ती ओसरी कुणीतरी छापून टाकली, अर्थासकट.

आणि आणखी एक गोष्ट मध्येच घडली होती. मे १९५२मध्ये पोलिश सरकारने ठराव केला: जिप्सींना स्थिर जीवनाकडे जायला मदत करायची. मदत म्हणजे नोंदणी, ओळखपत्रं, ठरवून दिलेली घरं, कारखान्यात काम. पुढे १९६४पासून भटकंतीच बंद केली. रोमा त्या काळाला 'मोठा थांबा' म्हणतात. या सगळ्या प्रचाराला पापुशा आयती सापडली: बघा, तुमच्यातलीच एक, लिहिणारी-वाचणारी, छतावाचून भटकणं सोडून घरात राहणारी. तांड्याने दोन्ही गोष्टी जोडल्या. आधी तिची गाणी छापली, मग आमची चाकं काढली. कार्यकारणभाव तेवढा सरळ नव्हता, पण ज्याची गाडी गेली त्याला तर्कशास्त्र कोण शिकवणार?

त्याच १९५२मध्ये, ३१ ऑगस्टला, आपल्याकडे १८७१पासून चालत आलेला गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला. जन्माने चोर ठरवलेल्या माणसांना तारेच्या कुंपणात स्थिर करण्याचा प्रयोग इंग्रजांनी इथे आधीच करून बघितला होता. सोलापुरात तो भाग अजूनही सेटलमेंट म्हणूनच ओळखला जातो. फिरणाऱ्या माणसाचं प्रत्येक सरकारला इतकं का खुपतं, कळत नाही. इंग्रज भांडवलशाही असो की पोलिश साम्यवाद, दोघांनाही तो एका जागी, एका रकान्यात हवा.

पोलिश रोमांमध्ये तंटे सोडवणारा मुख्य असतो, त्याला शेरो रोम म्हणतात. शेरो, तेच शिर. पापुशाची गोष्ट त्याच्यापर्यंत गेली आणि ती 'मागेर्दी', म्हणजे विटाळलेली, ठरली असं सांगतात. निवाडा कागदावर नसतोच, कागदाचंच तर भांडण होतं. तिने फित्सोव्स्कीची विनवणी केली, लेखकांच्या संघटनेकडे दाद मागितली, छपाई थांबवा म्हणाली. कुणाला कळलंच नाही की या बाईला एवढं घाबरायला काय झालंय. इतकं सुंदर पुस्तक, शिवाय शास्त्रीय. मग ती मनाने ढासळली, मानसोपचाराच्या रुग्णालयात राहिली. स्वतःचं लिखाण आणि तुविमची पत्रं तिने जाळली.

आता आजीची गोष्ट सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय मला या प्रकरणात कुणाची बाजू घ्यायचा अधिकार नाही.

कॉलेजात असताना एका मे महिन्यात मी कराडजवळच्या आमच्या गावी आजीच्या ओव्या लिहून घेत होते. दोनशे पानी वही, रेघांची. आजी म्हणायची, मी लिहायची. तिला जातं समोर लागायचं, नाहीतर ओळ आठवायची नाही. म्हणून माळ्यावरून जुनं जातं काढलं आणि ती रिकामंच फिरवायची. रिकाम्या जात्याचा आवाज दगडावर दगड घासल्यासारखा येतो, दात शिवशिवतात. त्यात एक ओवी होती:

भाऊ माझा गं पाहुणा, जाऊ उंबऱ्यात आडवी
शिंक्यावरचं लोणी बाई, लुगड्याआड दडवी

मला ती फार आवडली. 'उंबऱ्यात आडवी' हे तर खासच. पुढे एका लहानशा दिवाळी अंकात मी ओव्यांवर लेख दिला आणि हीच ओवी वर घातली, खाली आजीचं पूर्ण नाव, गाव, आणि एक हुशारीची ओळ की इथे जाऊ हे एकत्र कुटुंबातल्या सत्तेचं प्रतीक आहे. जाऊ प्रतीक नव्हती. वरच्या आळीत राहायची, तिची चार मुलं, अकरा नातवंडं. त्यातल्या एकाने अंक घरी नेला. त्या वर्षी आमच्याकडच्या लग्नाला त्या घरातलं कुणी आलं नाही.

मी आजीला म्हटलं, पण ओवी तर तूच म्हटलीस. ती शेंगा फोडत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हटली व्हती. लिवली न्हवती. जाऊबाई गेल्या तवाच ती ओवी म्या सोडली. तू इचारलंस म्हनून एकडाव म्हटली." मग थोड्या वेळाने, "जात्यात पडलेलं पीठ व्हतं. तू दगडावर कोरलंस."

म्हटलेलं विरतं. भांडण झालं की ओवी होते, समेट झाला की सुटते. त्यात ज्याचं नाव आहे तो मेला की तिला मूठमाती. लिहिलेल्याला ही सोय नाही. पापुशाच्या लोकांना हे नेमकं माहीत होतं असं मला आता वाटतं. त्यांनी तिच्यावर जे केलं ते क्रूरच होतं, त्यात मी काही कमी करणार नाही. एका बाईच्या खांद्यावर अख्ख्या युरोपचं पाप टाकून मोकळे झाले. पुस्तक लिहिणारा वॉर्सात राहिला, छापणारे त्यांच्या कचेरीत. हाताशी होती तिलाच धरलं. पण त्यांची भीती मूर्खपणाची नव्हती.

आणि फित्सोव्स्की? त्याने तिला फसवलं असं मला म्हणवत नाही. १९५६मध्ये तिच्या गाण्यांचं पुस्तक त्यानेच काढलं, १९७३मध्ये दुसरं. पुढेही तिची काळजी केली. तो खरंच प्रेमात होता, त्या गाण्यांच्या. ज्याला गाणं आवडतं त्याला ते जवळ हवं असतं, आणि जवळ ठेवायची एकच रीत त्याला ठाऊक होती. माझीही तीच.

तिची पुढची वर्षं गोझूव वेल्कोपोल्स्की या शहरात गेली. १९४५पर्यंत हे गाव जर्मन होतं, नाव लांड्सबेर्ग. जर्मनांना हाकललं आणि तिथे पूर्वेकडून हुसकावलेले पोलिश लोक आणून वसवले. म्हणजे शेजारीपाजारी सगळेच कुठून तरी उखडलेले, दुसऱ्याच्या घरात दुसऱ्याच्या कपाटात आपले कपडे ठेवणारे. अशा गावात एक रोमा बाई भाड्याच्या खोलीत तीनेक दशकं राहिली. कविता अगदी थोड्या, त्याही अधूनमधून. १९६२मध्ये पोलिश लेखक संघाने तिला सभासद केलं. गाजोंनी तिला मानाने आत घेतलं आणि रोमांनी दार लावून घेतलं, यात तिला कुठल्या घराची किल्ली मिळाली, सांगता येत नाही. शिकले नसते तर कदाचित सुखी झाले असते, अशा अर्थाचं ती स्वतःबद्दल बोलल्याचं नमूद आहे. हे वाक्य लोक फार आवडीने उद्धृत करतात. मला ते आवडत नाही. नवरा गेलेली, आजारी, एकटी बाई वैतागून जे बोलते ते आपण तिचं तत्त्वज्ञान करून भिंतीवर लावतो.

१९७१मध्ये लंडनजवळ जगभरच्या रोमांची पहिली परिषद भरली. निळ्या-हिरव्या झेंड्यावर लाल चक्र आलं, आपल्या झेंड्यावरच्या चक्राची आठवण करून देणारं, आणि एक गाणं राष्ट्रगीत ठरलं. त्याचा पहिला शब्द 'गेलेम'. म्हणजे मी गेलो, चालत राहिलो. पुढच्या वर्षी दियोनिझी वारला. तिच्यापर्यंत त्या झेंड्याचं काय पोहोचलं असेल? १९८१मध्ये ती बहिणीकडे इनोव्रोत्स्वावला गेली, तिथेच संपली. आज तिच्या नावाने रोमा मुलं अभिमानाने बोलतात, गोझूवमध्ये रोमा संगीताचा उत्सव भरतो. तो तिच्याच नात्यातल्या, लहानपणी त्याच वोल्हिनियाच्या जंगलात लपून वाचलेल्या एका अकॉर्डियनवादकाने सुरू केलेला.

आणि ती कविता, रगतवाली आसवं. आपण वाचत आलो ते तिचं फित्सोव्स्कीने छाटलेलं रूप होतं. कित्येक दशकं हरवली असं धरून चाललेलं तिचं हस्तलिखित अलीकडे सापडलं आणि २०२४मध्ये संशोधकांनी पूर्ण छापलं. छापील कवितेपेक्षा कितीतरी लांब. म्हणजे त्याने नुसत्या ओळी पाडल्या नव्हत्या, बरंच काही बाजूलाही ठेवलं होतं. जंगलातल्या त्या दिवसांची तिची जबानी तिला हवी तितकी लांब होती. संपादकाला कविता हवी होती. तिने जे जाळलं त्यातून हे कसं सुटलं? घरातलं जाळता येतं, पोस्टात टाकलेलं जाळता येत नाही.

पूर्ण हस्तलिखित आल्याचं कळलं तेव्हा माझी पहिली प्रतिक्रिया निखळ आनंदाची होती. दुसरी, तासाभराने, की तिला कुणी विचारलं? तिसरी, की विचारायला ती आहे कुठे.

आजीला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. ती वही माझ्याकडे आहे. तिच्यात तीनशेच्या वर ओव्या आहेत आणि माझी बहीण म्हणते की स्कॅन करून ठेव, कागद पिवळा पडलाय. मी दर दिवाळीच्या साफसफाईला ती काढते, पुसते, परत ठेवते. लोण्याच्या ओवीच्या पानावर आजीच्या बोटाचा तेलकट डाग आहे. शेंगा फोडत होती ना, तेव्हाच तिने वही मागितली होती. कुठलं पान ते दाखव म्हणाली. तिला वाचता येत नव्हतं. मी दाखवलं तिथे तिने बोट ठेवलं, थोडा वेळ तसंच ठेवलं, आणि वही मिटून दिली.

हा लेख लिहिताना आत्ता लक्षात आलं की ती ओवी मी वर परत लिहिली आहे. दोन्ही ओळी, पूर्ण. खोडावी म्हणून वर गेले, वाचली, आणि तशीच ठेवली.